माणूस दिसेपर्यंत

पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड झाल्या, तरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. कारण तिला एक ताई आहे, आणि डोक्यावर ताई असली की विषयच संपला, माणूस जन्मभर धाकटाच राहतो.

तर ही धाकटी फुटलेली चिनी माती सांधते. कुणाच्या किटलीची चोच उडते, कुणाच्या फुलदाणीचा कान जातो, की लोक ते तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे येतात, आणि तोंडं अशी करून येतात की जसं काही घरातलं माणूस ॲडमिट करायचंय. एका लांबट खोलीत तिचं टेबल आहे, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, डोळ्याला भिंग अडकवून. दोघं एकमेकांकडे पाठ करून वर्षानुवर्षं बसलेत. नवरा-बायकोसुद्धा एवढी पाठ फिरवून बसत नसतील.

त्या सकाळी काय झालं, घड्याळवाल्यांना मागून काही आवाजच येईना. ना ब्रशचा, ना टेप फाडल्याचा, ना तिच्या नेहमीच्या पुटपुटण्याचा. त्यांनी भिंग कपाळावर सरकवून मागे बघितलं. धाकटी बसलेली. समोर एक मोठी लांबट बशी, निळ्या-पांढऱ्या चित्राची, सगळी सांधून झालेली, आणि बरोब्बर मध्यावर एक भोक. त्या भोकाचा तुकडा तिच्या चिमटीत. ती तो वरून लावून बघायची, मग तिरका करून, मग बशी उचलून खालच्या बाजूनं, आणि मग नुसतीच बघत राहायची.

"काय झालं हो बाई?"

"बाहेर राहिला," धाकटी म्हणाली.

आता हे बाहेर राहणं काय असतं ते सांगते. चिनी माती फुटते ना, ती बिस्किटासारखी सरळ नाही फुटत. कडा तिरक्या होतात, आतून कपारी पडतात. त्यामुळे काही तुकडे वरून ठेवले आणि बसले असं होत नाही, त्यांना बाजूनं आत सरकवावं लागतं, ड्रॉवर सरकवतो तसं. शेजारच्यांनी आधीच जागा धरली आणि डिंक वाळला, की संपलं. डिंक म्हणजे आपला पाकिटं चिकटवायचा नव्हे हं, दोन बाटल्यांतलं कालवून करायचा, सकाळपर्यंत दगड होणारा. मग घरातल्यांनी सगळ्यांनी आतून कडी लावलीय आणि एकच जण बाहेर उभा, अशी त्या तुकड्याची गत होते. म्हणून ह्या कामाचा पहिला नियम काय, तर आधी कोरडं मांडायचं. नुसत्या टेपच्या पट्ट्यांवर अख्खी वस्तू उभी करायची, कोण कुणाच्या आधी जाणार ते ठरवायचं, आणि मगच डिंकाची बाटली उघडायची. शिकायला आलेल्या मुलींना हे सांगून सांगून धाकटीच्या तोंडाला फेस आला होता. आणि काल स्वतःच कोरडं न मांडता डिंक लावून मोकळी झाली.

का, तर दमली होती. आपण जिना चढून दमतो तसं दमणं नाही. एका लिलाववाल्याची मोठी पेटी ट्रकमधून उतरवताना पडली होती, आणि त्या पेटीतल्या कपबश्यांचा चुरा ती आठवडेच्या आठवडे सांधत होती. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत निळे पूल आणि निळी झाडं. मान इतकी आखडलेली की रस्ता ओलांडताना मान वळवायची सोय नाही, अख्खी बाईच वळायची, कपाट वळवल्यासारखी. काल दुपारी एकदाची ती पेटी गेली आणि तिनं ताईची बशी पुढ्यात ओढली. म्हटलं घरचीच आहे, लहानपणापासूनची आहे, डोळे झाकून जमेल. तर खरंच झाकले असणार डोळे, कारण मधला तुकडा कडेला ठेवून तिनं चारी बाजू बंद करून टाकल्या होत्या.

आणि आज ताई येणार होती.

"मग कड थोडी घासून टाका की," घड्याळवाले म्हणाले. "इवलीशी. कोण भिंग लावून बघतंय?"

"तुम्हीच तर लावून बसलाय."

"मी घड्याळं बघतो. घासा हो. बसेल मग टुणकन."

"जुनी माती घासायची नसते."

"हे तुमच्या गुरुजींनी सांगितलं, आणि गुरुजी गेले."

 धाकटीच्याही मनात आलंच की. ड्रॉवरमध्ये बारीक कानस होती. दोन मिनिटांचं काम, वरून जरा रंग, ताईला आयुष्यात कळलं नसतं. आणि अडचण हीच होती, की ताईच्या बाबतीत असं वरवरचं तिनं आयुष्यभर पुष्कळ उरकलं होतं.

ही बशी तशी मोठ्या घराण्यातली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडची. आपण म्हणायचं चिनी माती, पण माती तिकडची, भट्टी तिकडची आणि चित्र मात्र चीनचं, तेही अशा माणसानं काढलेलं ज्यानं चीन जन्मात बघितलेला नसणार. त्यामुळे देऊळ दिसतं एकावर एक ठेवलेल्या दिव्याच्या शेड्ससारखं, झाडाला लागलीत ती फळं की फुगे कळत नाही, पुलावरून दोघं चाललेत पण पूल पलीकडे पोचतच नाही, मध्येच संपतो. आणि सगळ्याच्या मधोमध होडीत बसलेला एक माणूस, गळ टाकून, टोपी घालून. चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ, पण ती रेघ अशी पडलीय की तो जन्माचा वैतागलेला वाटतो. निळा रंग कडांना जरासा फुटलेला, ओल्या कागदावर शाई फुटते तसा. आईला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती एका घरी शिवणाला जायची, ते घर आवरलं तेव्हा सगळ्यांनी नको म्हटलेली ही बशी तिनं आणली, आणि मोठी आहे म्हणून दोन्ही पोरींना त्याच एका बशीत वाढायला लागली. तू ह्या बाजूनं, तू त्या बाजूनं. आणि नियम एकच. माणूस दिसेपर्यंत उठायचं नाही. जेवणाखालचा तो होडीवाला दिसला की सुटका.

धाकटी चिकार नखरे करायची. पोट दुखतंय, झोप आलीय, हे तिखट आहे, ते गिळगिळीत आहे. ताई आपली बाजू संपवायची, मग हळूच धाकटीच्या बाजूचं पण संपवायची आणि ओरडायची, "आई, दिसला माणूस!" आणि धाकटी तोवर अंगणात.

मोठेपणीही तेच झालं, कुणी ठरवून केलं नाही, पण झालं. धाकटी कामाच्या मागे शहरात आली, ताई आईजवळ राहिली. आई अंथरुणाला खिळली ती वर्षानुवर्षं. धाकटी फोन करायची. येते म्हणायची. ही एवढी पेटी संपली की येते. आणि पेट्या काय, संपतात होय? आई गेली, त्याच्या आसपास कधीतरी बशी फुटली, ताईनं बुटांच्या खोक्यात घालून पाठवली, सोबत निरोप एकच, जमलं तर बघ. खोकं दोन वर्षं टेबलाखाली. धाकटीचे पाय रोज त्याला लागायचे.

दोघींचं भांडण म्हणाल तर नव्हतं. त्याहून वाईट होतं. "बरं आहे ना?" "बरं आहे." "तिकडे?" "इकडे पण." आणि फोन बंद. आणि आता ताईनं घर रिकामं केलं होतं, मुलाकडे राहायला चालली होती, पार लांब, पोचायलाच दोन गाड्या बदलायच्या. आज संध्याकाळची गाडी. जाताना बशी घेऊन जाते, म्हणाली. धाकटीनं ठरवलं होतं, निदान बशी तरी धड द्यायची. बोलायला काही जमणार नाही हे तिला माहीत होतं. बशी बोलेल असं तिला वाटत होतं, खरंच, एवढी मोठी बाई आणि असं वाटत होतं.

ताई आली ती जिन्यातच दिसली धापा टाकताना. खांद्याला पिशवी, हातात पिशवी, बगलेत पर्स, आणि चेहऱ्यावर घर आवरलेल्या माणसाचा चेहरा, म्हणजे राखाडी. खुर्चीत बसली तर पिशवी खांद्यावरून काढायचंही सुचेना तिला.

"पाणी देऊ?"

"दे. नको. दे."

घड्याळवाल्यांनी पाणी आणून दिलं आणि "मी आपला इथेच आहे, मला काही ऐकू येत नाही," असं म्हणून परत पाठ करून बसले. कान मात्र बघण्यासारखे टवकारलेले.

"झाली?" ताईनं विचारलं.

 धाकटीनं तयार केलेली वाक्यं होती, हवेतला दमटपणा, डिंकाची नवी बाटली, असलं काय काय. ताईचा चेहरा बघून एकही बाहेर येईना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उलट्या क्रमानं लावले तुकडे. एक बाहेर राहिला."

तिनं बशी पुढे सरकवली. ताईनं चष्मा शोधला, ह्या पिशवीत नाही, त्या पिशवीत नाही, डोक्यावरच होता. लावला. बशी बघितली. कडेकडेनं बोट फिरवलं. सांधे दिसतच नव्हते, ते काम धाकटीचं नेहमीसारखंच देखणं होतं. बोट मध्यावर आलं आणि भोकात गेलं.

"माणूस कुठाय?"

धाकटीनं तळहात उघडला. होडी, गळ, टोपी, वैतागलेला चेहरा.

ताईनं भोकातून बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता कितीही खा, दिसायचा नाही."

धाकटीला हसावं की काय करावं कळेना. "ताई, मी दमले होते गं. नीट मांडलंच नाही. लोकांची पेटी संपवून मग—"

"लोकांची पेटी," ताई म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आई शेवटची विचारत होती ना, तेव्हापण लोकांची पेटीच होती. मी तिला सांगायची, येतेय, पेटी संपली की येतेय. एकदा म्हणाली, कसली गं पेटी एवढी, बुड नाही का तिला?"

तिकडे घड्याळवाल्यांचा स्क्रू हातातून पडला, टणटण करत कुठेतरी टेबलाखाली गेला. शोधायला वाकायचीही त्यांची हिंमत होईना.

"तुझ्या वाटचे घास मी खाल्ले, ते ठीक आहे," ताई म्हणाली. "लहान होतीस. पण हे सगळं पण मीच खाल्लं गं. एकटीनं."

धाकटी तुकडा तळहातावर घेऊन उभीच होती.  

मग ताईनंच विचारलं, "ही फुटली कशी, तू कधी विचारलं नाहीस."

"हातातून पडली असेल म्हटलं."

"पडली नाही. मी झोपले होते. उभ्याउभ्या. नळाखाली बशी धरलेली, पाणी चालू, आणि मी झोपलेली. जाग आली तर सिंकमध्ये निळं-पांढरं सगळं, आणि आई आतून विचारतेय, काय फुटलं? म्हटलं काही नाही, कप. तिला सांगितलंच नाही मी. तिच्या लेखी शेवटपर्यंत कपच फुटलेला." आणि एवढं म्हणून ताईला हसू फुटलं. कसलं तरी दमलेलं, खोकल्यासारखं हसू. "तू झोपेत जोडलीस, मी झोपेत फोडली. आईच्या पोटी काय एकेक रत्न आलंय!"

आता धाकटीलाही राहवेना. दोघी हसल्या, आणि हसता हसता धाकटीची मान लचकली, ती "आई गं" म्हणून खाली बसली, तर ताई पुन्हा हसायला लागली. मान धरून धाकटी म्हणाली, "घड्याळवाले म्हणतात घासून बसव."

"मला मध्ये घेऊ नका," मागून आवाज आला.

"घास मग," ताई म्हणाली. "मला काय, माणूस दिसल्याशी कारण."

"नाही घासणार. खोटा बसेल तो. सगळं परत सोडवणार मी."

"सोडवणार म्हणजे?"

मग धाकटीनं सांगितलं. सांध्यांवर औषधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवायचे, बशी झाकणाच्या डब्यात बंद करायची, काही दिवसांनी डिंक मऊ पडतो, तुकडे सुटे होतात. मग धुवायचे, कोरडं मांडायचं, ह्या वेळी खरंच मांडायचं, आणि क्रमानं लावायचे. "ह्याच्या डावीकडचा आधी. मग हा बाजूनं सरकवायचा. मग उजवीकडचे. हा आत गेल्याशिवाय पुढचा एकही लावायचा नाही. झाली की पाठवते तुला. नीट बांधून, कुरिअरनं."

ताई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं धाकटीच्या तळहातावरून तो तुकडा उचलला, रुमाल काढला, त्यात गुंडाळला, रुमालाची गाठ मारली आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली. झर्रकन.

"ताई! काय करतेस?"

"नेतेय ह्याला."

"अगं त्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही! आत्ता तेच सांगितलं ना मी तुला? तो मध्येच लागतो. निम्मी झाली की अडणार सगळं."

"कळलं की. मी काय झोपलेय आत्ता?" ताई पिशव्या गोळा करायला लागली. "तुकडे सुटे झाले की खोक्यात भर आणि घेऊन ये. तिकडे बसून सांध. मुलाकडे टेबल आहे मोठं. किती दिवस लागतात?"

"एकेक तुकडा वाळू द्यायचा म्हणजे... आठवडा तरी. जास्तच. आणि इथली कामं—"

धाकटी म्हणता म्हणता थांबली. कारण ताई नुसती बघत होती. रागानं नाही. ताट संपायची वाट बघतात तसं.

"येते," धाकटी म्हणाली.

"येते हे मी ऐकलंय."

"नाही, येते."

"हा माझ्याकडे आहे तोवर येशील," ताईनं पर्सवर थाप मारली. "आणि नाही आलीस तर बस भोक बघत. कुरिअरनं पाठवतेय म्हणे."

जिन्याच्या तोंडाशी धाकटीनं तिच्या हातातली एक पिशवी घेतली आणि खालपर्यंत गेली. रस्त्यावर ताईनं पिशवी परत घेताना तिच्या मानेला हात लावून बघितला, भांडं गरम आहे का बघतात तसा पटकन, आणि म्हणाली, "शेक ती. लाकूड झालंय." रिक्षा आली. ताई आत बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. बरं आहे ना, वगैरे कुणी म्हणालं नाही.

धाकटी वर आली. खिडकी उघडली, कारण त्या औषधाला वास फार. मग बशी डब्यात ठेवली आणि एकेका सांध्यावर भिजवलेले बोळे मांडत गेली, पुलावर, फुगेवाल्या झाडावर, दिव्याच्या शेडवाल्या देवळावर. स्वतःचंच काम उतरवताना माणसाला काय वाटतं कोण जाणे. झाकण लावलं, कडेनं टेप मारली. मग टेबलाखालचं ते बुटांचं खोकं पायानं पुढे ओढलं, आतला जुना कागद काढून टाकला, नवा पसरला आणि खोकं टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवलं.

"लिलाववाल्यांचा माणूस खालून हाका मारतोय," घड्याळवाले म्हणाले. ते अजून हातापायांवर स्क्रू शोधत होते. "दुसरी पेटी आणलीय म्हणतो. काय सांगू?"

"सांगा, मी गावाला गेलेय."

"आत्ता? तुम्ही तर इथे दिसताय."

"सांगा हो."

ते खाली जाऊन सांगून आले. जिन्यात काहीतरी वाद झाला, मग ट्रक गेल्याचा आवाज आला. धाकटीनं चष्मा काढून ठेवला आणि टेबलावर हातांची घडी घालून तिच्यावर डोकं टेकलं, मान जपून, आधी एक बाजू, मग दुसरी.

"अहो घड्याळवाले," ती डोकं न उचलता म्हणाली, "तिकडे जायला पहिली गाडी कुठे बदलायची असते?"

घड्याळवाल्यांचा एक भाऊ तिकडेच राहतो, त्यांना सगळं तोंडपाठ. कुठे उतरायचं, कुठल्या दारानं बाहेर पडायचं, दुसऱ्या गाडीत कुठल्या बाजूला ऊन येत नाही, त्यांनी अगदी साग्रसंगीत सांगायला घेतलं. सगळं सांगून झालं आणि त्यांनी मागे वळून बघितलं, तर ती केव्हाच झोपली होती.